डेझर्ट रोडवरून आणलेला दगड

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलं आहे. ऐकीव नाही. मित्राच्या मित्राचं तर अजिबातच नाही. बरंचसं तिने त्या त्या वेळी माझ्या आईला फोनवर सांगितलं. उरलेलं पुढे मला समोर बसवून सांगितलं. आणि शेवटचं मी स्वतः पाहिलं.

पाहिलं म्हणण्यापेक्षा... ऐकलं.

कुणाला पटलं नाही तर माझं काही म्हणणं नाही. मला स्वतःलाही हे पटायला नकोच आहे.

आधीच सांगते, यात अमावास्या नाही, पिंपळ नाही, ओसाड बंगला नाही. शनिवार, १८ जानेवारी १९९७. न्यूझीलंडमधला डेझर्ट रोड. दुपारचा दीड वाजला होता आणि ऊन असं लख्ख होतं की डोळे बारीक करून बघावं लागत होतं.

दमयंतीमावशी पामर्स्टन नॉर्थला राहते. लहानसं गाव, तिथल्या हॉस्पिटलात ती नर्स. जगदीशकाका त्याच हॉस्पिटलात फार्मासिस्ट. त्यांची एकुलती एक मुलगी सलोनी तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

मावशीने अकरा वर्षं नाइट ड्युटी केली होती. अकरा वर्षं दिवसा पडदे ओढून झोपायचं आणि अंधारात कामाला निघायचं. एकदा वैतागून ती म्हणाली होती, "अहो, मला एकदा अशा ठिकाणी न्या, जिथे रात्रच होत नाही."

काकांनी ते मनावर घेतलं.

आणि काकांनी मनावर घेतलं की संपलंच! हा माणूस चहात साखर घालतानाही दोनदा मोजतो. जून महिना पक्का झाला. कोपनहेगनला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, बोटीने स्वीडन, मग वर वर जात फिनलंड, आणि तिथून नॉर्वेचं थेट शेवटचं टोक. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही. परत येताना नॉर्वे पूर्ण उतरून ऑस्लो. चोवीस दिवस, साडेसहा हजार किलोमीटर.

डायनिंग टेबलवर नकाशा पसरला तो पसरलाच. जेवण महिनाभर ओट्यापाशी उभ्याने.

काकांनी तक्ता केला. तारीख, कुठून, कुठे, किती किलोमीटर, मुक्काम, माणसं. शेवटी दोन छोट्या चौकटी. औषध एकाने भरायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, ही फार्मसीची पद्धत. तीच त्यांनी सहलीला लावली. प्रत्येक ओळीपुढे आधी काकांची सही, मग मावशीची.

"एक चूक आणि माणूस जातो," काका म्हणायचे.

"अहो, आपण फिरायला चाललोय की ऑपरेशनला?" मावशी हसायची. पण सही करायची. तपासून करायची.

एकच धाकधूक होती. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, तीही रोज सहा-सहा तास. उजव्या बाजूचा सराव इथे होणार नव्हता, निदान लांब गाडी चालवण्याचा तरी व्हावा म्हणून काकांनी सरावाची ट्रिप ठरवली. जानेवारीत तीन दिवस जोडून सुट्टी होती. टाउपोपर्यंत जायचं, दोन रात्री राहायचं, परत यायचं.

निघाले तिघं.

वायोरू गाव सोडून डेझर्ट रोडला लागल्यावर मावशीच्या ते लक्षात आलं. आमच्याकडे म्हणतात, तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये. निघावंच लागलं तर सुपारी किंवा खडा बरोबर घ्यायचा. तो चौथा. मावशी सुपारी विसरली होती.

"आपण तिघंच निघालो हो..." ती म्हणाली.

"सरावच तर आहे!" काका म्हणाले.

इतक्यात सलोनीला मळमळायला लागलं. काकांनी गाडी कडेला घेतली. दोन्हीकडे नुसतं पिवळं खरखरीत गवत, काळपट माती, विजेचे उंच खांब आणि मागे डोंगर. माणूस नाही, घर नाही. वारासुद्धा नव्हता.

सलोनीला पाणी पाजून मावशी परत फिरली. पायाशी एक दगड होता. चपटा, राखाडी, पुरीएवढा.

तिने तो उचलला आणि थट्टेने म्हणाली, "चल रे बाबा. चौथा तू. आमच्याबरोबर चल."

मग तिला तो क्रॉस दिसला.

गवतात. पांढरा, लाकडी, गुडघ्याएवढा. रस्त्यावर अपघातात कुणी गेलं की घरचे त्या जागी असा क्रॉस लावतात. तिकडे जागोजागी दिसतात. याच्यावरचं नाव उन्हाने उडून गेलं होतं. आकडे तेवढे वाचता येत होते. १९८४ ते १९९३.

नऊ वर्षं.

आणि क्रॉसच्या आडव्या पट्टीला बांधलेल्या... लहान मुलीच्या गुलाबी जँडल्स. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी स्लिपर.

दगड टाकून द्यावा असं मावशीच्या मनात आलं. पण काका हॉर्न वाजवत होते. ती दगड घेऊन गाडीत बसली.

ट्रिप मस्त झाली. काही म्हणता काही बिघडलं नाही. मावशी म्हणाली, "बघा, चौथ्याचा पायगुण! युरोपलाही हाच नेऊ." शेवटी पुण्याची ती. चालू दगड टाकून नवा कशाला शोधायचा?

लोक पायावर धोंडा पाडून घेतात. माझ्या मावशीने तो पर्समध्ये घालून घरी आणला, धुतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला.

पहिली खूण गाडीत मिळाली.

गाडीत सलोनी नेहमी मावशीच्या मागे, डाव्या बाजूला बसायची. काकांच्या मागची सीट रिकामी असायची. टाउपोहून आल्यावर दोन दिवसांनी मावशीने पाहिलं... त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता.

तिने तो काढला.

दुसऱ्या दिवशी परत लावलेला.

तिला वाटलं सलोनी खेळत असेल. तिसऱ्या दिवशी गाडीत ती एकटीच होती. किल्ली फिरवणार, इतक्यात मागून आवाज आला...

खट्.

पट्टा बसल्याचा. मागे कुणीही नव्हतं. पट्टा मात्र ताणलेला होता. आत कुणी असल्यासारखा.

मग सलोनी. जेवायला काटे मांडायचं काम तिचं. ती चार मांडायला लागली. मावशीने विचारलं की गोंधळून बघायची, मोजायची, एक परत ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. गाडीत दाराला चिकटून बसायची, शेजारी जागा सोडून.

"कुणाशी बोलतेस गं?" मावशीने एकदा विचारलं.

"नोबडी, आई."

आणि मग तक्ता.

एका संध्याकाळी काका टेबलाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. 'माणसं' या रकान्यात चोवीसच्या चोवीस ओळींत ४ लिहिलं होतं.

त्यांच्याच अक्षरात.

"मी तीन लिहिले होते," काका म्हणाले. "दमयंती, मी तीनच लिहिले होते. तू तपासलंस ना?"

मावशीने तपासलं होतं. प्रत्येक ओळीपुढे तिची सही होती. तिला तीन वाचल्याचं लख्ख आठवत होतं.

काकांनी सगळं खोडून पुन्हा ३ केले. पण तक्त्याची प्रत आधीच ट्रॅव्हल एजंटकडे गेली होती. लिंडा नावाची बाई, गावात तिचं ऑफिस. दोन दिवसांनी तिचा फोन आला. नॉर्वेहून फॅक्स आला होता, मुक्काम पक्के झाले होते. टू ॲडल्ट्स, टू चिल्ड्रन. मुलांची वयं, दहा आणि नऊ.

सलोनीला एप्रिलमध्ये दहावं पूर्ण होणार होतं. दहा म्हणजे सलोनी.

मग नऊ कोण?

मावशीने फोन ठेवला आणि तिच्या डोळ्यांपुढे ते आकडे आले. १९८४ ते १९९३. रात्रभर वॉर्डात माणसं जाताना पाहिलेली बाई ही, लेचीपेची नव्हे. पण त्या दुपारी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली.

तिने माझ्या आईला फोन लावला.

आईने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दगड कुठेय?"

"खिडकीत."

"अगं दमे! चौथा दगड पोचलं की सोडायचा असतो. हात जोडून, तिथल्या तिथे. घरात आणतं का कुणी?"

"मला कुठे माहीत होतं, श्यामलाताई?"

"आत्ताच्या आत्ता जिथला तिथे ठेवून ये."

गेले. रविवारी सकाळी तिघंही गेले. सलोनीला एकटीला घरी ठेवायची मावशीची हिंमत नव्हती.

पण ती जागा सापडेना.

डेझर्ट रोड सगळा सारखा. तेच गवत, तेच खांब. काकांनी गाडी हळू चालवत दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. क्रॉस दिसले, तीन दिसले. पण एकावर पुरुषाचं नाव होतं, एकावर दोघांची, एक तर अगदी नवा. गुलाबी जँडल्स कुठेच नाहीत.

मावशी उतरून गवतात शिरली. पाय सोलवटले. हाक मारायची तर नाव माहीत नाही. शेवटी तिने दगड अंदाजाने एका ठिकाणी ठेवला, हात जोडले आणि वळली.

गाडीत बसताना पट्ट्याचा आवाज आला नाही.

घरी येईपर्यंत आला नाही. काका कितीतरी दिवसांनी शीळ घालत होते. सलोनी मात्र खिडकीबाहेर बघत गप्प. बुल्स गावाजवळ ती हळूच म्हणाली, "यू लेफ्ट हर."

त्या दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरं काय करणार?

काकांनी तक्ता नव्याने लिहिला. मावशीने प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, सही केली. माणसं तीन. पालक दोन, मूल एक, वय दहा. काकांनी स्वतः जाऊन तो लिंडाच्या हातात दिला.

गुरुवारी दुपारी लिंडाने बोलावलं. मावशीच गेली.

"आता बरोबर आहे बघा," लिंडा म्हणाली. "तीनच."

मावशीने कागद घेतला. तीनच होते. टू ॲडल्ट्स. वन चाइल्ड.

वय... नऊ.

"हे चुकलंय," मावशी म्हणाली. "माझी मुलगी दहाची होईल तेव्हा."

लिंडाने फाइल उघडून तक्ता काढला. काकांचं अक्षर. मूल एक, वय ९. पुढे काकांची सही.

त्यापुढे मावशीची.

मुलाच्या नावाची जागा कोरी होती. घरी काकांनी तिथे सलोनीचं नाव लिहिलं होतं. मावशीने बोट ठेवून वाचलं होतं. खोडल्याची खूणसुद्धा नव्हती.

तीन जाणार होते. त्यात सलोनी नव्हती.

मावशी कशीबशी गाडीत बसली आणि थेट शाळेत गेली. तीन वाजत होते. मुलं भराभरा बाहेर पडत होती. सलोनी दप्तर घेऊन आली, नेहमीसारखं डावीकडचं मागचं दार उघडलं...

आणि तशीच उभी राहिली.

"बस ना गं."

सलोनी बसेना. आत बघत होती. मावशीने वळून पाहिलं. सलोनीच्या सीटचा पट्टा लावलेला होता. ताणलेला.

"दुसऱ्या बाजूने ये," मावशी म्हणाली.

सलोनीने मागून वळसा घालून उजवीकडचं दार ओढलं. उघडेना. लॉक नव्हतं. मावशीने उतरून दोन्ही हातांनी ओढलं. दार भिंतीत चिणल्यासारखं. मग पुढचं डावं दार. तेही नाही.

बाजूने आया आपापल्या मुलांना घेऊन जात होत्या. एकीने हसून हातसुद्धा केला.

सलोनीचे डोळे भरून आले. ती रडत इंग्रजीत विचारत होती, "आई, व्हेअर डू आय सिट?"

मी कुठे बसू?



मावशीने शाळेच्या ऑफिसातून काकांना फोन करून बोलावलं. सलोनीला त्यांच्या हाती दिलं. "हिला चालत घरी न्या. हात सोडू नका." काका काय विचारत होते, ते ऐकायलाही ती थांबली नाही. एकटीच निघाली.

एकटी कसली? आरशात दिसत होतं. डावीकडचा पट्टा लावलेलाच होता.

दोन तास. मावशी म्हणते, त्या दोन तासांत तिने जेवढ्या विनवण्या केल्या तेवढ्या देवापुढे कधी केल्या नाहीत. आधी ओरडली. मग रडली. मग म्हणाली, "माझ्या पोरीला जागा दे गं. तुला काय हवं ते घे, तिची जागा नको घेऊ."

मागून काहीच नाही. श्वास नाही, हालचाल नाही. त्यानेच ती जास्त घाबरली.

डेझर्ट रोडला ऊन अजून लख्ख होतं. मावशी हळूहळू चालवत राहिली. कुठे थांबायचं, तिला कुठे माहीत होतं? दगड काय, पावलापावलाला दगड होते.

आणि मग मागून...

खट्.

पट्टा सुटला.

मावशीने ब्रेक मारला. उतरली. क्रॉस नव्हता, जँडल्स नव्हत्या. पायाशी दगड होते, शेकडो. तिने डोळे मिटून एक उचलला. तोच होता का? तिला आजही माहीत नाही.

पहिल्यांदा ती थट्टेत बोलली होती. या वेळी कळून सवरून बोलली.

"चल. चौथी तू. आमच्या घरी चल."

गाडी सुरू करायच्या आधी पुन्हा आवाज आला. तिने आरशात पाहिलं. पट्टा लागला होता... उजवीकडचा. काकांच्या मागचा. सलोनीची जागा मोकळी होती.

युरोप रद्द झालं. काकांनी तक्ता फाडला नाही, नुसता घडी घालून कपाटात ठेवला. नकाशा टेबलावरून निघाला आणि त्या टेबलावर चार ताटं मांडली जाऊ लागली. रोज. काका एवढा मोजूनमापून जगणारा माणूस, पण आता कुणी विचारलं, घरात किती जण, की मावशीकडे बघतो.

मी १९९९ च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे गेले होते. महिनाभर राहिले. दारात चपलांचं शेल्फ होतं. काकांचे बूट, मावशीच्या चपला, सलोनीच्या जँडल्स. सलोनी तेव्हा अकरा संपवून बाराव्याला टेकलेली, चांगली उंच झालेली. आणि शेवटी एक छोटी गुलाबी जोडी. कोरी.

"ही कुणाची, मावशी?"

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. म्हणाली, "दर वर्षी नवी आणते गं. माप मात्र तेच."

मग थोडं थांबून म्हणाली, "नीलू, सलोनी उद्या शिकायला जाईल. लग्न करेल. हिचं काय? ही नऊचीच राहणार. आणि मी म्हातारी झाल्यावर हिला कोण मोजणार?"

मी तिचा हात धरून बसले.

निघायच्या दिवशी मावशीच मला विमानतळावर सोडायला आली. काका हॉस्पिटलात, सलोनी शाळेत. सकाळचे दहा. मी मावशीशेजारी बसले, पट्टा लावला. मावशीनेही लावला. किल्ली घातली.

पण फिरवली नाही.

"काय झालं?"

"थांब जरा," ती म्हणाली.

आम्ही बसून राहिलो. अंगणात ऊन होतं. शेजारचा माणूस गवत कापत होता. त्याचं यंत्र बंद पडलं, आणि त्या शांततेत, मागच्या सीटवरून...

खट्.

मावशीने किल्ली फिरवली.

मी मागे वळून पाहिलं नाही. विमानतळ येईपर्यंत मान वळवली नाही. उतरले, मावशीला मिठी मारली, बॅगा घेतल्या, आत गेले. विमान सुटलं, ढग आले, मी डोळे मिटले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या सकाळी घरातून मी निघाले होते. मावशी निघाली होती. आणि ती.

आम्ही तिघी निघालो होतो.

सुपारी नाही, खडा नाही. दगड तर घरी खिडकीत होता. चौथं काहीच आम्ही घेतलं नव्हतं.

पुण्याला पोचल्या पोचल्या मी मावशीला फोन केला. ती सुखरूप घरी पोचली होती. मीही पोचले होते. मी तिला विचारलं, "मावशी, परत जाताना मागचा पट्टा... लावलेला होता?"



"नाही गं," मावशी म्हणाली. "मला वाटलं, ती तुझ्याबरोबर उतरली."

त्यानंतर माझ्या घरी काही झालेलं नाही. खरंच, अजून तरी नाही. माझी मुलगी पुढच्या महिन्यात नऊची होईल. रोज जेवायला ताटं तीच मांडते.

मी रोज मोजते.